खाडीकाठची पहिली कचेरी



दुबईला जाऊन आलेल्या आपल्या कोणाही माणसाला विचारा, "काय पाहिलंत?" उत्तर ठरलेले. बुर्ज खलिफा, नाचणारी कारंजी, सोन्याचा बाजार आणि ते मोठमोठाले मॉल. आम्हीही तेच पाहिले. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे एक्स्पो चालू होता, तेव्हा आम्ही बारा जण गेलो होतो, सगळे पंचाहत्तरीच्या आगेमागे, आणि सोबत दोन नातवंडे. बुर्ज खलिफाबद्दल लिहिण्यासारखे आमच्याकडे काही नाही. लिफ्टमध्ये कान बंद झाले, एवढेच. आज लिहायचे आहे ते एका दुमजली, बसक्या, फिकट रंगाच्या घराविषयी. देरा भागात, मसाल्याच्या बाजाराच्या तोंडाशी, खाडीच्या रस्त्यावर ते उभे आहे. १९५७ ते १९६४ ही सात वर्षे दुबई शहराची नगरपालिका ह्या घरात होती. म्हणजे दुबईचा पहिला टाऊन हॉलच म्हणा ना.

मुलांनो, तुम्ही ज्याला इरिया म्हणता, जिथे आईबाबा अर्नोना भरायला नाहीतर भांडायला जातात, तीच ही नगरपालिका. आम्ही मुंबईला तिला म्युनिसिपालिटी म्हणत होतो. आणि आमच्या आजीच्या कोकणातल्या गावाला ह्यातले काहीच नव्हते, तिथे चावडी होती. एक ओटा, वर छप्पर, आत एक पेटी, पेटीत कागद. पाटील तिथे बसे, कोणाची काय तक्रार असेल ती तिथे सांगायची, सारा तिथे भरायचा. आजी म्हणायची, "चावडीवर गेलं की गाव कळतं."

टाऊन हॉल हा शब्द इंग्रजांचा. त्यांच्याकडे गाव वाढले, गिरण्या आल्या, पैसा खुळखुळू लागला की गावातली मंडळी आधी टाऊन हॉल बांधीत आणि शेजारच्या गावापेक्षा आपला मोठा कसा होईल हे पाहात. बर्मिंगहॅमचा १८३४ साली उघडला, तो थेट रोमन देवळासारखा, चारी बाजूंनी खांब. मँचेस्टरचा १८७७ सालचा, टोकदार कमानी आणि आभाळात गेलेला घड्याळाचा मनोरा. इंग्रज जिथे गेले तिथे हा शौक घेऊन गेले. आणि अभिमानाने सांगायची गोष्ट, आपला मुंबईचा टाऊन हॉल बर्मिंगहॅमच्याही एक वर्ष आधीचा आहे!

आमच्या वयाच्या वाचकांना तो आठवत असणारच. फोर्टमधला, समोर हॉर्निमन सर्कलची गोल बाग, शेजारी टांकसाळ. चढून जायला तीस पायऱ्या, वर आठ जाडजूड डोरिक खांब. १८२१ मध्ये काम सुरू झाले आणि १८३३ मध्ये संपले. कर्नल थॉमस काउपर नावाच्या लष्करी इंजिनियरने आराखडा केला. पैशासाठी लॉटरीदेखील काढली होती, तरी पुरे पडेना, तेव्हा बराचसा खर्च कंपनी सरकारने उचलला. खांबांचा दगड इंग्लंडहून जहाजाने आणला म्हणतात. सह्याद्री पाठीशी असताना दगड विलायतेहून आणायचा, ह्याला काय म्हणावे! १८५७ च्या बंडानंतर राणीचा जाहीरनामा १ नोव्हेंबर १८५८ रोजी मुंबईकरांना ऐकवला तो ह्याच पायऱ्यांवरून. आत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचे पुतळे आहेत, एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. आम्ही शाळेत असताना त्या पायऱ्यांवर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या आहेत. आत जायची हिंमत मात्र झाली नाही. का, ते पुढे येईलच.

आता कोणी म्हणेल, दुबईचे सांगता सांगता मुंबईत कुठे शिरलात? पण ही दोन गावे वेगळी काढता येत नाहीत. ज्याला आज आपण संयुक्त अरब अमिराती म्हणतो, त्या किनाऱ्यावरच्या शेखांबरोबर इंग्रजांनी पहिला सर्वसाधारण तह केला तो १८२० साली, आणि त्याआधी तिथे चाल करून गेली ती फौज मुंबई सरकारने पाठवलेली होती. पुढे १८७३ पर्यंत आखातातला इंग्रज रेसिडेंट मुंबईच्या गव्हर्नरलाच जबाबदार होता. म्हणजे त्या किनाऱ्याचे कागद फोर्टातल्या कचेऱ्यांतच येऊन पडत असत. दुबईत १९०९ साली पोस्ट उघडले ते हिंदुस्थानी टपाल खात्याचे, तिकिटेही हिंदुस्थानी. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात रुपया चाले. मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या बी.आय. कंपनीच्या बोटी वाटेत दुबईला थांबत. सोबतच्या नातवाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "आजी, मग आपण विमानाने उगाच आलो." बोट चालू असती तर खरंच तिने गेलो असतो.

तर त्या सकाळी आम्ही बर दुबईच्या बाजूने अब्रात बसलो. अब्रा म्हणजे खाडी ओलांडायची लाकडी होडी, मध्ये बाकडे, पाठीला पाठ लावून बसायचे. भाडे एक दिरहम. बसल्याबरोबर आमच्यातल्या तिघींच्या तोंडून एकदमच निघाले, "भाऊचा धक्का!" रेवसला जायची लाँच, डिझेलचा वास, खारा वारा, पाण्यावर हेलकावणारे पडाव, सगळे तेच. अलिबागच्या इस्रायल आळीत ज्यांचे आजोळ होते त्या बाई तर डोळे पुसू लागल्या. पलीकडे उतरलो, रस्ता ओलांडला, दालचिनी आणि सुक्या लिंबांचा वास नाकात शिरला आणि समोर हे घर.

खरे सांगायचे तर पहिल्यांदा आमची निराशाच झाली. ना घुमट, ना खांब, ना पायऱ्या. खाली दुकानांसारखे गाळे, वर एक मजला, आणि त्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने लांबच लांब लाकडी कठड्याची गॅलरी. सपाट छप्पर. गिरगावातल्या नाहीतर उमरखाडीतल्या एखाद्या चाळीचा तुकडा कापून आणून ठेवावा तसे दिसते. आमच्यातले एक गृहस्थ, जे आयुष्यभर रेल्वेत होते, म्हणाले, "हे बघायला आणलंत? ह्याच्यापेक्षा आमचं कल्याणचं क्वार्टर मोठं होतं." मंडळी हसली. गाईडने वीस मिनिटे दिली होती. निम्मे जण मसाला घ्यायला गेले. वरती चढायचे आम्हालाही जमले नाही, गुडघ्यांनी नाही म्हटले. आम्ही गॅलरीच्या सावलीत उभे राहून पाहात राहिलो, आणि हळूहळू घर आवडू लागले.

गॅलरी का, हे आधी ध्यानात घ्या. दुबईचे ऊन कसे असते हे इलातवाल्यांना सांगायला नको. त्यात खाडीचा दमटपणा. वीज नव्हती तेव्हा माणसे कशी राहात असतील? जुन्या घरांना वाऱ्याचे मनोरे असत, वरून जाणारा वारा पकडून खाली खोलीत सोडायचा. भिंती समुद्रातून काढलेल्या पोवळ्याच्या दगडाच्या, जाड, वर चुन्याचा नाहीतर जिप्समचा गिलावा. छपराला वासे कांदळाचे. हो, आपल्या खाडीतले तिवर-कांदळ, तेच झाड. चांगले लांब वासे तिथे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पडावांतून येत. कांदळाचा सरळ वासा मिळणार तो दहा-बारा फूट लांब, म्हणून जुन्या घरातली खोलीही तेवढीच रुंद. घर किती मोठे बांधायचे हे झाडाने ठरवायचे, माणसाने नाही. मग खोल्या एकीला एक लावून लांबट ओळ करायची आणि पुढे सावलीची गॅलरी काढायची. उन्हात तापलेल्या माणसाने गॅलरीत थांबावे, घाम पुसावा आणि मग आत जावे. आपल्याकडे पडवी असते ती ह्याचसाठी. ही शहाणपणाची बांधणी आहे, तिला कोणी आर्किटेक्टचे नाव लावलेले नसले तरी.

आणि जागा पाहा. १९५७ साली खाडीवर पूल नव्हता. पहिला पूल, मक्तूम पूल, १९६३ मध्ये झाला. अर्धे गाव देरात, अर्धे बर दुबईत, शेख राहायचे पलीकडे. तेव्हा ज्याला कचेरीत यायचे तो होडीने येणार. होडीतून उतरल्यावर लांब चालायला नको अशा ठिकाणी, बाजाराला लागून, धक्क्यासमोर ही कचेरी होती. मुंबईच्या टाऊन हॉलला तीस पायऱ्या चढून जावे लागते. इथे रस्त्यावरून हाक मारली तर गॅलरीतल्या माणसाला ऐकू जाईल.

ह्या कचेरीच्या आधीही एक गोष्ट घडली होती. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये दुबईतल्या मोठ्या घराण्यांनी आणि व्यापाऱ्यांनी शेख सईद यांच्याकडून पंधरा जणांची एक मजलिस मान्य करून घेतली. मोत्यांचा धंदा बसला होता. जपानी लोकांनी मोती पिकवायला सुरुवात केली, त्यात जगभरची मंदी, गावात खायची पंचाईत. अशा वेळी त्या पंधरा जणांनी जकातीचा हिशेब मागितला, शाळा काढल्या, आणि गावाची साफसफाई व रस्ते पाहायला एक नगरपरिषदही नेमली. पण हे टिकले नाही. १९३९ च्या मार्च महिन्यात, शेखांचे चिरंजीव राशिद यांच्या लग्नाच्या दिवशीच, मजलिस मोडून काढण्यात आली, माणसे मेली, काही परागंदा झाली. अठरा वर्षांनी, १९५७ साली, नगरपरिषद पुन्हा उभी केली ती ह्याच राशिद यांनी. माणूस वयाने शहाणा होतो, किंवा गरज त्याला शहाणे करते. १९५८ मध्ये वडील वारल्यावर ते गादीवर आले.

१९३८ हे साल वाचले आणि आम्हाला चटकन दुसरे काही आठवले. त्या सुमाराला, १९३७-३८ ह्या वर्षी, मुंबईचे महापौर कोण होते? आपलेच डॉ. एलिजा मोझेस! होय, मुलांनो, आठ-दहा लाखांहून मोठ्या मुंबई शहराच्या महापौराच्या खुर्चीवर एक बेने इस्रायल डॉक्टर बसला होता. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस रोड तो त्यांचाच. आमचे वडील म्युनिसिपालिटीत कारकून होते आणि हे वर्ष ते फार अभिमानाने सांगत, जणू खुर्चीवर तेच बसले होते. बोरीबंदरला व्ही.टी.च्या समोरची ती इमारत, व्ही.टी. बांधणाऱ्या स्टीव्हन्सनेच १८९३ मध्ये पुरी केलेली. मधोमध घुमट, कमानींवर कमानी, वरती पंख पसरलेली दगडी बाई, खाली फिरोजशहा मेहतांचा पुतळा. वडील आम्हाला समोरच्या फूटपाथवरून दाखवीत, "ही बघ आपली कचेरी." आत नेले नाही कधी. काम असल्याशिवाय तिथे जायचे नसते, असे ते म्हणत.

आम्हाला म्युनिसिपालिटीत पहिल्यांदा काम पडले ते १९६८ साली, इस्रायलला यायचे ठरले तेव्हा. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला हवा होता. जिथे आमची नोंद होती ती कचेरी घुमटवाली नव्हे, एक साधीच वॉर्डातली कचेरी, तिचे नाव कशाला. रजिस्टर काढले. तारीख बरोबर, वडिलांचे नाव बरोबर, आणि मुलाचे नाव लिहायच्या रकान्यात काही नाही. कोरे. फक्त "स्त्री". घरी नाव ठेवले ते नंतर, आणि ते कळवायला कोणी गेलेच नाही. तिथेच नोकरी करणारे वडील, आणि स्वतःच्या लेकीचे नाव नाही! समोरचा माणूस म्हणाला, "हिचं नाव हेच कशावरून?" वीस वर्षांची आम्ही समोर उभी. शाळेचा दाखला, सिनेगॉगच्या हज्जनची चिठ्ठी, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, सहा खेपा झाल्या. वडील दर खेपेला टोपी हातात घेऊन उभे राहात. आपल्याच खात्यात, आपल्याच धंदेभावांसमोर. सहाव्या खेपेला एका बाईने, ती टेबलावर नवीनच लागली होती, शांतपणे सगळे कागद वाचले, पेन उचलले आणि रकाना भरला. पाच मिनिटे लागली असतील.

त्यानंतर नर्सिंगच्या पस्तीस वर्षांत, बराचसा काळ बाळंतिणींच्या वॉर्डात, आम्ही एक सवय ठेवली. आई घरी जायच्या आधी विचारायचे, "नाव ठेवलंत? कळवणार कोण?" मुली हसत, म्हणत, ही हिंदी नर्स काय चौकश्या करते. करू देत. आपल्या समाजाला तर नोंदीचे दुखणे चांगलेच माहीत आहे. १९६२ नंतर लग्न नोंदवायला गेले की आईची आई कोण, तिची आई कोण, अशी वंशावळ आपल्याच लोकांना विचारली जाई. जेरुसलेमला आपल्या मंडळींनी धरणे धरले, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव करून सांगितले की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. ज्या वर्षी दुबईची नगरपालिका ह्या घरातून हलली, तेच वर्ष.

ह्या सगळ्यामुळे त्या गॅलरीखाली उभे असताना आमच्या डोळ्यापुढे आला तो टेबलापलीकडे बसलेला माणूस. आत बसून त्यांनी सात वर्षांत केले काय? आम्ही नर्स, म्हणून आधी आठवते ते आरोग्याचे. देरात मक्तूम हॉस्पिटल १९५१ मध्ये सुरू झाले होते, त्या किनाऱ्यावरचे पहिले. पण हॉस्पिटल म्हणजे आजार झाल्यावरची गोष्ट. पिण्याचे पाणी गाढवावर डबे लादून दारोदार विकले जाई, बाजारात मासळी आणि मटण उघड्यावर, कचरा खाडीत. माशा आणि खराब पाणी आवरले की निम्मा वॉर्ड रिकामा होतो, हे कुठल्याही नर्सला विचारा. झाडूवाला, नळ आणि बाजार तपासणारा इन्स्पेक्टर, ह्यांना कोणी हार घालत नाही. ते काम नगरपालिकेचे.

आणि त्याच वर्षांत गावाचा चेहरा बदलला. खाडी गाळाने भरत होती, मोठे पडाव आत येईनात. कुवेतकडून कर्ज काढून १९५९ ते १९६१ मध्ये ती खोल केली. १९६० साली विमानतळ उघडला. त्याच वर्षी जॉन हॅरिस नावाच्या इंग्रज आर्किटेक्टने शहराचा पहिला आराखडा दिला, रस्ते कुठून जातील, बाजार कुठे, वस्ती कुठे. तोवर गल्ल्या माणसांच्या आणि गाढवांच्या मापाने पडल्या होत्या. नगरपालिकेचा कारभार पाहायला कमाल हमझा हे सुदानी गृहस्थ आले, आणि पुढे वीसेक वर्षे त्यांनी तो पाहिला. हे सगळे तेल सापडायच्या आधी, कारण दुबईला तेल मिळाले १९६६ साली. आमच्या रेल्वेवाल्या गृहस्थांना हे ठाऊक नव्हते, आम्हालाही नव्हते. आमची सगळ्यांची समजूत अशी की आधी तेल आले आणि मग त्या पैशांनी गाव झाले. गाव आधी झाले, कर्ज काढून, आणि ह्या चाळवजा घरात बसून. १९६८ ची शिरगणती झाली तेव्हाही दुबईत माणसे साठ हजारांच्या आतच होती. आपले अश्दोद आज त्याच्या कितीतरी पट आहे.

नातीने मध्येच विचारले, "पण मग त्यांनी चांगली बिल्डिंग का नाही बांधली?" पुढे बांधली, खाडीकाठीच, काँक्रीटची, भली मोठी. १९६४ मध्ये कामाला जागा पुरेना म्हणून ह्या घरातून सामान हलले. पण हे घर पाडले नाही, दुरुस्त करून त्याचे संग्रहालय केले. दुबईत पाडायची हौस दांडगी, तिथे हे राहिले हेच नवल.

ह्यावर आमच्यातल्या तेल-अविवच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे पण अगदी हेच." आणि खरेच. ब्यालिक रस्त्याच्या टोकाला बेत हाईर आहे, तेल-अविवची जुनी नगरपालिका. ती बांधली होती हॉटेल म्हणून, पण हॉटेल काही चालू झाले नाही, तेव्हा १९२५ मध्ये इरियाने ती घेतली. दिझेनगॉफ तिथेच बसत. समोर गोल चौक आणि कारंजे. १९६५ मध्ये कचेरी तिथून हलली, आज राबीन चौकातल्या त्या उंच इमारतीत आहे, आणि जुने घर २००९ मध्ये शहराच्या शंभरीला दुरुस्त करून लोकांना खुले केले. दुबईची १९६४, तेल-अविवची १९६५. दोन्ही गावे एकाच सुमाराला आपल्या पहिल्या खोलीत मावेनाशी झाली. आमच्या मते बेत हाईर मुलांनी जरूर पाहावे, तिकडे जायला विमानही लागत नाही.

मुंबईचा टाऊन हॉल आम्ही आतून पाहिला तो २००७ मध्ये, भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा. तीस पायऱ्या मोजत चढलो. आत दरबार हॉलमध्ये म्हातारी माणसे पंख्याखाली वर्तमानपत्रे वाचीत बसली होती, कोणी अडवले नाही, कोणी विचारले नाही. एवढी वर्षे बाहेर बसून शेंगा कशाला खाल्ल्या, असे वाटले. तेवढ्यासाठी त्या विलायती खांबांना आम्ही माफ केले आहे. बोरीबंदरची इमारत मात्र अजून समोरच्या फूटपाथवरूनच पाहतो. तो जन्माचा दाखला आमच्याकडे आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, कतुब्याशेजारी. रकान्यातले नाव वेगळ्या शाईचे आहे, बाकीच्या अक्षरांपेक्षा निळे.

वीस मिनिटे संपली. मसालेवाले परत आले, एकाने केशर घेतले होते आणि भावात फसला होता. रेल्वेवाले गृहस्थ एवढा वेळ खालच्या गाळ्याशी उभे होते. आम्ही विचारले, "काय पाहता?" म्हणाले, "काही नाही, गॅलरीचं काम बघतो. कठडा छान केलाय." मग नातवाला त्यांनी गॅलरीखाली उभे करून फोटो काढला.

कोणी जाणार असाल तर दोन गोष्टी. हिवाळ्यात जा, आणि सकाळी लवकर. बर दुबईकडून अब्रा घ्या, देराच्या जुन्या बाजाराच्या धक्क्यावर उतरा, रस्ता ओलांडलात की आलेच. उतरताना घाई करू नका. होडी धक्क्याला लागली तरी हलत असते. आधी हात द्या, मग पाय टाका.